क्षत्रपाचा गाल

"मारायचं होतं, त्यांनी मारलं. मी गाल पुढे केला. मग आता पाणी का सोडत नाहीत?"

 उस्ताद वहूक बागेतल्या पाटात पाय सोडून बसले होते. पाटाला पाणी इतकं कमी, की पाय बुडत नव्हते, नुसते ओले होत होते.

"उस्ताद, मी काहीतरी विचारतोय."

"ऐकतोय... बस आधी. उंच टोपीवाला डोक्यावर उभा राहिला, की माझी मान दुखते."

अर्तवर्ध बसला. टोपी मात्र काढली नाही.

टोपी नवी होती ना. इराणच्या महाराजांनी त्याला एरिदानचा क्षत्रप नेमलं, तेव्हा टोपी, कंबरपट्टा आणि मुद्रेची अंगठी स्वतःच्या हाताने दिली होती. क्षत्रप म्हणजे राजाच्या वतीने प्रांत सांभाळणारा. पुढे आपल्याकडे सुभेदार असायचे, तसा. महाराजांचं राज्य एवढं अफाट, की एका टोकाला लोक बर्फ वितळवून पाणी पीत आणि दुसऱ्या टोकाला वाळूत अंडी भाजत. एकटा राजा कुठे कुठे पुरणार? म्हणून क्षत्रप.

आणि क्षत्रप नीट वागतात की नाही हे पाहायला 'महाराजांचा डोळा'. हा डोळा म्हणजे एक माणूस. न कळवता यायचा, बाजारात फिरायचा, कुणाच्याही ओसरीवर बसायचा, आणि परत जाऊन पाहिलं ते महाराजांना सांगायचा. उस्ताद वहूक यांनी हे काम केस पांढरे होईपर्यंत केलं. मग एरिदान गावाबाहेर ही भिंतीआडची बाग त्यांना राहायला मिळाली आणि ते डाळिंबं राखत बसले.

त्या कामावर असतानाच त्यांनी अर्तवर्धला शिकवलं होतं. इराणी घरात मुलाला तीनच गोष्टी शिकवत: घोड्यावर बसणं, धनुष्य ओढणं आणि खरं बोलणं. पहिल्या दोन लवकर येतात. तिसरी आली, असं अर्तवर्धला वाटत होतं.

"मला वाटलं होतं, तुम्ही शाबासकी द्याल," तो म्हणाला. "तुम्हीच घोकून घेतलं होतं. गावाचा देव गावाकडे, गावाचा कायदा गावाकडे. रस्ता, रखवाली आणि शेवटचा न्याय महाराजांकडे. मी त्यांची रीत बंद केली का? नाही. हसलो का? नाही. गेलो, टोपी उतरवली, उभा राहिलो."

"हं."

"फक्त हळू मारायला सांगितलं."

"हं..."

ही रीत काय होती ते सांगायला हवं, नाहीतर हा सगळा प्रकार वेड्यांचा बाजार वाटेल.

एरिदानची ही रीत इराणी लोक तिथे येण्याच्या कितीतरी आधीची. वर्षाच्या पहिल्या दिवशी, जो कोणी राज्य करत असेल त्याने नगरदेवाच्या देवळात यायचं. पुजाऱ्याने त्याची टोपी, अंगठी, कंबरपट्टा उतरवून देवापुढे ठेवायचा. मग त्याचा कान धरायचा आणि गालावर एक सणसणीत ठेवून द्यायची. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, की देव पावला. पुजारी त्याच्या वस्तू त्याला परत देणार, पाटकरी कालव्याची दारं उघडणार, आणि नवं वर्ष लागणार.

पाणी आलंच नाही तर काय करायचं, हे कुणाला ठाऊक नव्हतं. तशी वेळच कधी आली नव्हती. पुजारी नबूझेर याचा हातच तसा होता. मागचा क्षत्रप तर महिनाभर एका बाजूने जेवायचा म्हणे.

या वर्षी तो हात अर्तवर्धच्या गालाला लागला, तो धूळ पुसावी इतकाच. अंगणात सगळा गाव उभा. सगळे क्षत्रपाच्या डोळ्यांकडे बघत राहिले. डोळे कोरडे ठणठणीत.

कुणी ओरडलं नाही. कुणी शिवी दिली नाही. लोक आले तसे घरी गेले.

दुसऱ्या दिवशी कारभाऱ्याने पाटकऱ्यांना विचारलं, दारं का उघडत नाही? ते अदबीने म्हणाले, नवं वर्ष लागलं की उघडू, धनी. तो म्हणाला, लागलं की काल. ते म्हणाले, कुठं लागलं? क्षत्रप रडले कुठं?

कर मागितला तर म्हणाले, सरत्या वर्षाचा भरलाय. नव्याचा नव्यात भरू. ठरलेली लग्नं थांबली. तिळाचं बियाणं मडक्यातच राहिलं. एक बाई बाळंत झाली, तर म्हाताऱ्या बायांमध्ये वाद, की पोर कोणत्या वर्षाचं धरायचं. दुष्काळात तेरावा महिना आपण बोलण्यापुरता म्हणतो. एरिदानमध्ये तो खरोखरच सुरू झाला होता.

आणि यात हसण्यासारखं फार नव्हतं. खजुराच्या मादीझाडाला नराचा फुलोरा हाताने बांधावा लागतो, वसंतातल्या मोजक्या दिवसांत. दिवस टळले, की त्या साली खजूर धरत नाही. एरिदानचा निम्मा संसार खजुरावर. फुलोरा झाडावर वाळायला लागला होता आणि लोक खाली हाताची घडी घालून बसले होते.

"महिनाअखेर महाराजांचा डोळा येणार, अशी कुणकुण लागलीय," अर्तवर्ध म्हणाला. "त्याला मी काय दाखवू? सुकलेले कालवे? मी उद्या सकाळी भालेकरी पाठवतो. दारं उघडतीलच."

"उघडतील."

"मग?"

"भालेकऱ्यांना फुलोरा बांधता येतो का?"

 उस्तादांनी पाण्यात पायाची बोटं हलवली.

"राजधानीत मोठा दरवाजा आहे. त्यावर महाराजांचं चित्र कोरलंय. पाहिलंस?"

"कितीदा तरी."

"महाराज कशावर बसलेत?"

"सिंहासनावर."

"आणि सिंहासन कशावर आहे?"

अर्तवर्धने डोळे मिटून आठवून पाहिलं. सिंहासनाखाली ओळीने माणसं होती. वेगवेगळ्या पागोट्यांची, वेगवेगळ्या दाढ्यांची, मुलखामुलखाची. सगळ्यांनी हात वर केलेले.

"...हातांवर," तो म्हणाला.

 एक पिवळं पान पाटात पडलं, थोडं वाहिलं आणि चिखलाला लागून थांबलं. दोघंही त्या पानाकडे बघत बसले.

शेवटी उस्तादांनीच विचारलं, "निरोप काय धाडला होतास?"

"कुणाला?"

"पुजाऱ्याला."

"सांगितलं ना. हळू मार, असा."

"एवढाच?"

खरं सांगायचं तर अर्तवर्ध आयुष्यात कधी खोटं बोलला नव्हता. त्याचा त्याला अभिमानही होता, आणि तो अभिमान तो अधूनमधून चारचौघांत मिरवायचाही. पण विचारलं नाही ते सांगितलं नाही, तर ते खोटं होत नाही, अशी त्याने आपल्या मनाची समजूत घातली होती. आता विचारलं होतं.

"...आणि गाल लाल झाला," तो म्हणाला, "तर हात मनगटावर राहणार नाही."

उस्तादांनी मान डोलावली.

"म्हणजे तू खोटं बोलला नाहीस."

"जन्मात नाही बोललो."

"त्या म्हाताऱ्याच्या हाताला बोलायला लावलंस."

अर्तवर्ध उठला. दोन झाडांपर्यंत गेला, परत आला. राग आला होता, पण तो उस्तादांवर काढावा की आणखी कुणावर, ते त्याला समजेना. सुंभ जळला होता, पीळ अजून जागच्या जागी होता.

"ठीक आहे. मी त्याला हुकूम देतो, आता जोरात मार."

"दे की. म्हणावं, जोरात मार, नाहीतर हात तोडीन."

अर्तवर्धला हसू आलं. ते त्याने गिळायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. आल्यापासून पहिल्यांदाच त्याचे खांदे जरा सैल झाले.

"मग मी करू काय, उस्ताद?"

उस्तादांनी पाय पाण्यातून काढले, धोतराच्या सोग्यासारख्या आपल्या अंगरख्याच्या टोकाला पुसले, आणि काठी घेऊन चालू लागले. कुठे चाललो ते काही सांगितलं नाही. अर्तवर्ध मागोमाग निघाला. त्याचे भालेकरीही निघाले, तेव्हा म्हाताऱ्याने वळून त्यांच्याकडे एकदा पाहिलं. अर्तवर्धने त्यांना बागेच्या फाटकापाशीच थांबायला सांगितलं.

पुजारी नबूझेरचं घर देवळामागच्या गल्लीत होतं. दार त्याच्या सुनेने उघडलं. क्षत्रपाला दारात पाहून एखादी बाई घाबरली असती. ही घाबरली नाही. तिचं घाबरून झालेलं होतं.

"आत या. पण ते बोलायचे नाहीत," ती म्हणाली. "आमच्याशीबी बोलत नाहीत. भाकरीसुद्धा डाव्या हातानं खातात."

"का?"

"ते तुमीच बघा." आणि मग तिला राहवेना. "गाव म्हणतं, सासऱ्यांनी वाड्याकडून सोनं घेतलं आन् थप्पड विकली. मी विहिरीवर गेले तर बाया घागरी उचलून बाजूला होतात. ज्या माणसानं देवाचा दिवा कधी चुकवला नाही, त्याच्यावर ही पाळी. मी म्हणते, घेतलं नाही तर सांगा की गावाला. तर तोंड उघडत नाहीत."

उस्ताद उंबऱ्यावरच बसले. काठी मांडीवर आडवी घेतली. आत यायचा त्यांचा विचार दिसला नाही.

अर्तवर्ध एकटाच आत गेला.

नबूझेर खिडकीपाशी बसला होता. वयाने उस्तादांच्याच बरोबरीचा, पण हाडापेराने मोठा. उजवा हात मनगटापासून बोटांपर्यंत फडक्यात गुंडाळलेला. मोडलेल्या हाताला गुंडाळतात तसा.

"हाताला काय झालं?" अर्तवर्धने विचारलं.

"आजारी आहे."

"कधीपासून?"

म्हाताऱ्याने त्याच्याकडे पाहिलं. ते पाहणं पुरेसं होतं.

अर्तवर्ध टोपी सावरत समोर बसला. काय बोलायचं ते वाटेत ठरवून ठेवलं होतं, त्यातलं एकही वाक्य वेळेवर आठवेना. तो म्हणाला, माझं चुकलं. क्षत्रपांना हे वाक्य येत नाही. त्यालाही ते जरा अडखळतच आलं.

"तुमचं कसलं चुकलं," नबूझेर शांतपणे म्हणाला. "धमकी देणं हे वाड्याचं कामच आहे, धनी. घाबरायचं नाही हे माझं काम होतं. माझ्या बापाने चार राजांना मारलं. मीही मारत आलो. या हाताने देवापुढे कधी खोटं केलं नव्हतं."

"मग गावाला सांगत का नाही, की मी धमकी दिली? गाव तुम्हाला चोर समजतंय."

"समजू दे."

"पण का?"

 बाहेर सून भांडी घासत होती. तिने हात थांबवला.

"सांगितलं असतं, तर गावच्या पोरांनी दगड उचलले असते," तो म्हणाला. "तुमच्याकडे भाले... म्हटलं, एक हात आजारी पडलेला बरा."



इतके दिवस तो वाड्यात बसून समजत होता, की या प्रांतात शांतता आहे ती आपल्या भाल्यांमुळे. भाले पाहून लोक गप्प आहेत. आणि इथे एक म्हातारा घरात तोंड लपवून, गावाच्या शिव्या खाऊन, डाव्या हाताने भाकरी मोडत ती शांतता राखत होता. तीही अशा माणसासाठी, ज्याने त्याला हात तोडायची धमकी दिली होती. अर्तवर्धला लाज वाटली. साधी, लहान मुलाला वाटते तशी लाज वाटली, आणि ती त्याने लपवली नाही.

तो पुढे सरकला आणि म्हाताऱ्याच्या हाताचं फडकं सोडायला लागला. गाठ घट्ट होती. क्षत्रपाला गाठी सोडायची सवय नसते, त्यामुळे वेळ लागला. हात मोकळा झाला. हात चांगला धडधाकट होता, नुसता थरथरत होता.

"उद्या सकाळी," अर्तवर्ध म्हणाला, "देवळात याल?"

"येईन. पण हा उठेल की नाही, ते माझ्या हातात नाही."

"मी वचन देतो, तुम्हाला काही..."

"वचनाने उठणार नाही, धनी."

"मग कशाने?"

"मला काय ठाऊक. मारायची सवय आहे मला. भ्यालो पहिल्यांदाच."

अर्तवर्ध बाहेर आला तेव्हा उस्ताद उंबऱ्यावर बसून सुनेने दिलेलं ताक पीत होते.

"हात बरा आहे का?" त्यांनी विचारलं.

"उद्या कळेल."

उस्तादांनी भांडं खाली ठेवलं आणि परतीच्या वाटेला लागले. वाटभर अर्तवर्ध विचार करत होता आणि उस्ताद डाळिंबांबद्दल बोलत होते. यंदा किडीचं कसं होणार, याची त्यांना काळजी लागली होती.

सकाळी दवंडी पिटली गेली. गाव आला, पण उत्साहाने आला असं म्हणता येणार नाही. एकदा फसलेला माणूस दुसऱ्यांदा बघायला येतो, तसा आला. पुरुष पुढे, बाया ओट्यावर, पोरं भिंतीवर. नबूझेर पायऱ्यांवर आला, तेव्हा कुणीतरी मागून सोन्याबद्दल काहीतरी बोललं आणि थोडे लोक हसले. म्हाताऱ्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

अर्तवर्ध एकटा आला. कारभाऱ्याने हातापाया पडून सांगितलं होतं, निदान भालेकरी दाराशी ठेवा. त्याने ऐकलं नाही.

त्याने स्वतःच टोपी काढली. अंगठी काढली. कंबरपट्टा सोडला. तिन्ही वस्तू नबूझेरला देवापुढे ठेवायला दिल्या आणि मग देवाकडे पाठ करून लोकांकडे तोंड केलं. हे काही रीतीत नव्हतं. अंगणात कुजबुज झाली.

"यांनी सोनं घेतलेलं नाही," तो म्हणाला. "मी यांना सांगून पाठवलं होतं, माझा गाल लाल झाला तर तुमचा हात तोडीन. यांनी हे तुम्हाला सांगितलं नाही. मी सांगतोय."



राजा बोले, दळ हाले, असं म्हणतात. इथे दळ नव्हतं आणि बोलणाऱ्याच्या अंगावर राजाची एकही खूण उरली नव्हती. उघड्या डोक्याचा एक तरुण माणूस पायरीवर उभा होता, एवढंच. पुढच्या रांगेतल्या दोघातिघांनी एकमेकांकडे पाहिलं. एकजण वाकला. त्याच्या मागचाही वाकला. देवळाच्या अंगणात दगडांना तोटा नसतो.

अर्तवर्धने ते पाहिलं. पाय मागे घ्यावेत असं त्याला फार वाटलं. त्याने ते घेतले नाहीत.

तेवढ्यात कुणीतरी त्याचा कान धरला.

कान असा पिळला गेला, की तो अर्धा वळलाच. आणि मग गालावर बसली. पार कुंभारवाड्यापर्यंत आवाज गेला, असं पुढे लोक सांगायचे. त्यातलं थोडं वाढवूनही असेल. पण भिंतीवरची पोरं दचकली हे खरं, आणि क्षत्रप पायरीवर खाली बसला हेही खरं.

डोळ्यांसमोर आधी अंधार आला. मग पाणी आलं. हे पाणी आणावं लागलं नाही. ते आलं, आणि येत राहिलं. गालासाठी किती होतं, दगडांच्या भीतीचं किती, आणि त्या फडक्याच्या गाठीचं किती, हे त्यालाही सांगता आलं नसतं. क्षत्रप लोकांसमोर नाक ओढत होता आणि त्याला त्याचं काही वाटत नव्हतं.

नबूझेर आपल्या हाताकडे बघत होता. हात थरथरत नव्हता.

"उठला," तो स्वतःशीच म्हणाला.

ज्यांनी दगड उचलले होते, त्यांनी ते हळूच खाली सोडले. दगड पडल्याचे आवाज आले, मग एका बाईचं हसू ऐकू आलं, आणि त्यानंतर अंगणात जो गलका झाला तो विचारू नका. कुणी ढोल आणला. पाटकरी कालव्याकडे पळाले. नबूझेरने कंबरपट्टा बांधून दिला, अंगठी बोटात घातली, टोपी डोक्यावर ठेवली, आणि ठेवताना ती जरा सरळही केली. तो हे करत असताना त्याची सून ओट्यावर उभी होती. शेजारी उभ्या असलेल्या, विहिरीवर बाजूला होणाऱ्या बायांपैकीच एकीने सुनेच्या पोराला कडेवर घेतलं होतं.

दुपारपर्यंत कालवे भरून वाहू लागले. माणसं कंबरेला दोर बांधून खजुरांवर चढली. वाळायला लागलेल्या फुलोऱ्यात अजून पुरेसा जीव होता. घरोघर तिळाची मडकी उघडली. त्या दिवशी एरिदानमध्ये लग्नंही बरीच झाली. थांबलेली सगळी एकदमच उरकली, त्यामुळे भटजी मिळेना आणि कुणी कुणाच्या पंगतीला जेवलं याचा हिशेब लागेना.

अर्तवर्ध वाड्याच्या अंगणात ओलं फडकं गालाला लावून बसला होता. गाल भाकरीसारखा फुगला होता. बोलताना तोंड एका बाजूला जायचं. तरी इतक्या दिवसांत त्याला इतकं बरं वाटलं नव्हतं. पोटभर जेवून, ऊन खात बसलेल्या माणसाची सुस्ती अंगावर चढली होती. समोर उस्ताद वहूक द्राक्षं खात होते.

कारभारी आला. म्हणाला, दाराशी फिर्यादी जमलेत. वर्षाच्या पहिल्या दिवशी क्षत्रपाने निवाड्याला बसायचं असतं, महाराजांचा तसा दंडकच आहे, म्हणून लोक आलेत. त्यात एक कैदीही आहे. मागच्या आठवड्यात दारं बंद असताना याने पहाटे एक दार चोरून उघडलं आणि आपल्या झाडांना पाणी पाजलं. सरकारी दाराला हात लावला म्हणून मी त्याला कोठडीत टाकलाय. शिक्षा काय द्यायची ते ठरलेलंच आहे, धन्यांनी फक्त मुद्रा उमटवायची.

अर्तवर्धने फडकं उलटून दुसऱ्या बाजूने गालाला लावलं.

"आज नको. उद्या बसतो," तो म्हणाला. शब्द नीट उमटले नाहीत, म्हणून पुन्हा म्हणाला. "या तोंडाने बसलो तर लोक निवाडा ऐकतील, की माझा गाल बघतील? थोडी सूज उतरू दे. सांग त्यांना, उद्या या."

कारभारी निघाला.

"थांब," उस्ताद म्हणाले.

कारभारी थांबला. उस्तादांनी तोंडातली बी काढून बाजूला ठेवली, आणि अर्तवर्धकडे वळले.

"फार दुखतंय?"

"फार, उस्ताद."

"उद्या राहील?"

"नाही... उद्यापर्यंत जाईल बहुतेक."

"मग आजच बस."